उन्हातला दिवा

१

चर्र… असा तो आवाज होता. लांबलचक, आणि शेवटी हळूहळू बारीक होत जाणारा.

मी लहान असताना आम्ही साखर कारखान्याच्या चाळीत राहत होतो. वडील बॉयलरवर होते. दिवस मावळताना तिथले लोक भट्टीतली लालभडक राख ओढून बाहेर काढायचे आणि तिच्यावर बादल्यांनी पाणी ओतायचे. आमच्या दारातून भट्टी दिसत नसे. दिसायची ती नदी, आणि नदीपलीकडं उतरणारा सूर्य. सूर्य पाण्याला टेकला की तो आवाज यायचा. मला वाटायचं, सूर्यच विझतोय. आईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "विझतो म्हणू नये रे. निजतो म्हणावं."

सातवीत शाळा सुटली आणि पुढं मीही त्याच बॉयलरवर लागलो. राख ओढली, पाणी ओतलं, तो आवाज स्वतःच्या हातानं काढला. तरी अजून सूर्य मावळताना पाहिला की कान त्या आवाजाची वाट बघतात.

मी लिहिणारा माणूस नाही. जे झालं ते सावकाश सांगतो. घाई केली की माझं चुकतं.

२

आमचा मुलगा गिरीश टेक्सासमध्ये शुगर लँडला राहतो. तेलाच्या कंपनीत इंजिनियर आहे. त्यानं आम्हाला कायमचं बोलावून घेतलं तेव्हा गावाच्या नावाचा अर्थ ऐकून शोभना, म्हणजे आमची मंडळी, हसली होती. "जन्म साखरेत गेला, आता म्हातारपणही साखरेतच." तिथंही एक जुना साखर कारखाना होता, पण आम्ही पोचलो तोवर बंद पडलेला. भोंगा नाही, धूर नाही, मळीचा वास नाही. रस्त्यावरून जाताना नुसती उंच इमारत दिसायची.

घराच्या मागं तळं आहे. पावसाचं पाणी साठावं म्हणून माणसांनी खोदलेलं आहे, पण ते बगळ्यांना कोण सांगणार. तळ्याच्या पलीकडं तेव्हा घरं झालेली नव्हती. लव्हाळी होती, मोकळे प्लॉट होते, आणि त्यांच्यावर सूर्य मावळायचा.

गिरीशनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना डिजिटल मला दिला. "फिल्म नाही, डेव्हलप करणं नाही. कितीही क्लिक करा, बाबा." मी रोज संध्याकाळी तळ्याकाठी जाऊ लागलो. माझं मीच शिकत गेलो. सूर्य मधोमध घेऊ नये. उजेड कमी करून घ्यावा, म्हणजे आभाळाचा रंग उतरतो. ढग अजिबात नसले तर फोटो फिका, फार असले तर मुका. हात थरथरतो, म्हणून कुणीतरी गॅरेजमधून विकायला काढलेली कॅमेऱ्याची एक तिपाई दीपानं, माझ्या सुनेनं, आणून दिली.

दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीत शोभना न्हाणीघरात पडली. मेंदूत लहानशी गुठळी होती. आठवड्याभरात हिंडूफिरू लागली, बोलणंही तसंच राहिलं. पण मला भीती बसली. रात्री ती कुशीवर वळली तरी मी जागा व्हायचो. ही माझ्याआधी जाऊ नये, एवढंच एक मागणं उरलं होतं.

डॉक्टरांनी तिला रोज संध्याकाळी चालायला सांगितलं. तिनं त्याचा अर्थ असा लावला की तळ्यापर्यंत चालायचं आणि तिथं बसायचं. माझ्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं, ती घडीची खुर्ची टाकून बसायची.

"ये की जरा पुढं," मी म्हणायचो. "तुझाही काढतो."

"सूर्याशेजारी कोण बसणार? काळी होईन. आहे तेवढी पुरे."

३

चाळीत सगळ्यांचं घड्याळ म्हणजे भोंगा. संध्याकाळी सातचा भोंगा झाला की घरोघर देवापुढं दिवा लागायचा. थंडीत तोवर अंधार झालेला असायचा, उन्हाळ्यात सूर्य नुकता बुडालेला असायचा. भोंग्याचं आणि सूर्याचं तिथं जमत होतं.

शुगर लँडला भोंगा नाही, म्हणून शोभना स्वयंपाकघरातल्या घड्याळावर दिवा लावायची. देव्हारा भिंतीला होता. त्याच्या समोर मागचं काचेचं दार, आणि दारासमोर उतारावर खाली तळं.

एप्रिलमध्ये गिरीश स्टुलावर चढून ते घड्याळ पुढं करत होता.

"का रे?"

"सगळा देश करतो, बाबा. एक तास पुढं. संध्याकाळी उजेड जास्त मिळतो."

"मग सूर्याला कोण कळवतं?"

"त्याला ईमेल जातं."

शोभना ओट्यापाशी हसली. पण त्या दिवसापासून सात वाजायचे तेव्हा बाहेर चांगलं ऊन असायचं. पुढं मे-जूनमध्ये तर मुलं पोहून परत येत असायची, कुणी गवत कापत असायचं, आणि आमच्या घरात समई लागलेली असायची.

"आई, लोक बाहेर सनग्लासेस लावून फिरतायत," दीपा म्हणायची, "आणि तुम्ही दिवा लावताय."

"सात वाजले ना?"

"वाजले, पण…"

"मग झालं तर. भोंग्याला कधी विचारलं होतं का आम्ही, अंधार पडला का म्हणून?"

दिवा लावायचा, हात पदराला पुसायचे आणि माझ्यामागं तळ्यावर यायचं. मी पुढं तिपाई घेऊन गेलेला असायचो. आमच्या दोघांच्या पाठीमागं, काचेच्या दाराआड, उन्हात ती ज्योत जळत राहायची. लांबून दिसायचीसुद्धा नाही.

४

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी गिरीशनं कॅमेरा वायरनं टीव्हीला जोडला. जेवणं झाली होती. आम्ही चौघं माझे फोटो बघत बसलो.

"बाबा, हा तर कॅलेंडरवर जाईल," दीपा म्हणाली. "सिरियसली."

मी रंगाकडं बघत नव्हतो. खालच्या डाव्या कोपऱ्याकडं बघत होतो. छोट्या पडद्यावर कधी लक्षात आलं नव्हतं. तिथून गवतावर एक सावली सुरू होत होती. डोकं, डोक्यावरून घेतलेला पदर, जरा वाकलेले खांदे. ती लांब पडली होती, पार पाण्याच्या कडेपर्यंत.

"ही कुणाची?"

"आईची," गिरीश म्हणाला. "ती बसते ना तिथं."

"पण ती सूर्याकडं पडलीय."

तो उठून टीव्हीजवळ गेला. मी जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. उजेड समोर असला की सावली पाठीमागं जाते, हे मला शाळेत शिकावं लागलं नाही.

गिरीशनं आणखी चार फोटो पुढं-मागं केले. सगळ्यांत ती होती. मग त्याचा चेहरा मोकळा झाला. "विंडोज, बाबा. आपल्या लाइनमधल्या सगळ्या घरांच्या मागच्या खिडक्या वेस्टला आहेत. सूर्य काचेवर पडतो, रिफ्लेक्ट होतो, तो उजेड मागून येतो. मग सावली पुढं. सिंपल आहे."

"हां. तसंच असेल."

मला खरंच बरं वाटलं. त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

शोभना मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "सावली पडतेय ना, म्हणजे मी आहे," ती म्हणाली. "मिटली काळजी."

५

पण मग माझी सावली का नाही?

हे मला दुसऱ्या दिवशी दाढी करताना सुचलं. काचेवरून परत येणारा उजेड मला वगळून तिच्यावरच कसा पडेल? फोटो पुन्हा बघितले. माझी नव्हती. तिपाईची नव्हती. ती ज्या खुर्चीत बसायची त्या खुर्चीचीसुद्धा नव्हती. सावलीला खुर्ची नव्हतीच. कुणी उभं असावं तशी ती होती.

मी तिला काही बोललो नाही. "इथं लाल मुंग्यांचं वारूळ झालंय," असं सांगून खुर्ची उजवीकडं मांडली. फोटोत सावली उजव्या कोपऱ्यातून आली. एकदा ती पाण्याची बाटली आणायला घरात गेली, तेवढ्यात फोटो काढला. त्यात काही नव्हतं. ती परत येऊन टेकली, पुन्हा काढला. होती.

नुसत्या डोळ्यांना ती कधीच दिसली नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी गवताकडं टक लावून बघायचो. गवत उन्हात पिवळं चमकत असायचं, बस.

आणि ती लांबत होती. मेअखेर ती पाण्यात उतरली. पाण्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या असायच्या, सावलीची कड मात्र सरळ. जूनमध्ये ती तळ्याच्या मध्यापर्यंत गेली.

एका शनिवारी आम्ही गिरीशच्या मित्राकडं पूजेला गेलो होतो. यायला उशीर झाला. सूर्य खाली आलेला बघून मी तसाच तळ्याकडं धावलो, शोभनाही माझ्यामागून आली. घरात दिवा लावायचा राहिला होता. मी तीन-चार फोटो काढले आणि तिथंच पडदा हातानं झाकून बघितले.

स्वच्छ. नुसतं गवत आणि पाणी.

"अगंबाई, दिवा राहिला," शोभना म्हणाली आणि लगबगीनं उठली.

ती दिवा लावून परत आली. सूर्याची शेवटची कड शिल्लक होती. मी बटण दाबलं. पडद्यावर सावली होती, तळ्याच्या पलीकडच्या काठाला टेकलेली.

एवढीशी ज्योत. काचेच्या आड, ढळढळीत उजेडात. तिचा प्रकाश तळ्यापर्यंत येणार कसा? हे मला कळत होतं. मी शिकलो नाही, पण खुळा नाही. तरी मागं वळून घराकडं बघायचा मला धीर होईना.

त्याच वेळी पाठीमागून तो आवाज आला. चर्र… लांबलचक, बारीक होत जाणारा. शेजारच्या हिरवळीवर पाण्याचे फवारे सुरू झाले होते. फवारेच होते. मी जाऊन हात भिजवून आलो.

६

त्यानंतर तिला लवकर अंधार दिसू लागला.

आधी तळ्यावरच. ऊन डोळ्यांवर येत असताना ती म्हणायची, "सांभाळून या हं, दिसत नाही." बसताना खुर्चीचा हात चाचपायची. मला वाटलं, डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, काही दोष नाही म्हणाले. मग घरातही सुरू झालं. दुपारच्या चहाला ती दिवे लावायची. भिंतीला हात लावत चालायची. अंधार वाटला तरी समई मात्र सातालाच. घड्याळाकडं बघून, काडेपेटी मांडीवर घेऊन, ती आपल्या अंधारात सात वाजायची वाट बघत बसायची. डोळ्यांपेक्षा तिचा घड्याळावर विश्वास होता. चाळीतल्या सगळ्याच बायकांचा होता.

एके दिवशी ती आडवी झालेली बघून दीपानं मला ओट्याजवळ बोलावलं. गिरीशही होता.

"बाबा, परवा मी हाफ डे घेऊन आले. घरातले सगळे लाइट्स ऑन. आई सोफ्यावर. मला म्हणाल्या, 'दीपा, एवढ्या रात्रीची एकटी कशी गं ड्राइव्ह करत आलीस?' दोन वाजले होते दुपारचे."

"झोपेत असेल."

"बाबा." तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. चांगली मुलगी आहे. "आणि तुम्ही दोघं दिवा तसाच सोडून तळ्यावर जाता. लाकडाची घरं आहेत ही. काही झालं म्हणजे? मी न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. सोमवारी."

"आणि मग?"

"ते टेस्ट करतील. कदाचित… चांगल्या जागा असतात, बाबा. मेमरी केअर म्हणतात. चोवीस तास नर्स असते."

"म्हणजे ती तिथं राहणार."

"अजून काही डिसाइड नाही केलंय," गिरीश म्हणाला. तो माझ्याकडं न बघता फ्रिजवरचे चुंबक सारखे करत होता. लहानपणी खोटं बोलताना तो असाच हाताला लागेल ते सारखं करायचा.

संध्याकाळी तळ्यावर मी शोभनाला म्हटलं, "दिवा जरा उशिरा लावत जा ना. सूर्य बुडाल्यावर."

"का?"

"दीपाला काळजी वाटते."

"सात म्हणजे सात. तुम्ही सूर्य बघा, मी घर बघते. इतकी वर्षं असंच चाललंय, काही बिघडलं का?"

"तुला खरंच अंधार दिसतो आत्ता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ऊन होतं, आणि डोळ्यांच्या बाहुल्या काळोखात होतात तशा मोठ्या झालेल्या.

"तुम्हाला दिसत नाही?" ती हळूच म्हणाली. "पलीकडं बघा ना. दिवे लागलेत सगळीकडं."

पलीकडं लव्हाळी होती. लव्हाळ्यांत एक बगळा.

७

सोमवारच्या आधीचा शनिवार. गिरीश आणि दीपा ह्यूस्टनला कुणाच्या तरी रिसेप्शनला गेले, जेवूनच येणार होते. शोभना दुपारची झोपली होती. मी स्टूल घेतलं.

माझा विचार साधा होता. दिवा लागला नव्हता तेव्हा सावली नव्हती. दिवा सूर्य बुडाल्यावर लागला, तर तो उन्हात जळणार नाही. मग तिचं सगळं पहिल्यासारखं होईल, आणि सोमवारी डॉक्टरांना काही सापडणार नाही. ती सातच्या पुढं हलायला तयार नव्हती, तर सातलाच हलवायचं. अख्खा देश घड्याळ पुढं करतो, मी माझ्या घरातलं मागं केलं तर कुणाचं काय गेलं?

भिंतीवरचं घड्याळ मी दीड तासानं मागं केलं. मायक्रोवेव्हवरचे आकडे बदलता येईनात, म्हणून त्याची वायर काढली. शेगडीवरच्या आकड्यांवर टॉवेल टाकला. हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

ती उठली. चहा झाला. तिनं दिवे लावले, काडेपेटी घेतली आणि खुर्चीत बसली. खरे सात वाजून गेले असतील, कारण ती उठून देव्हाऱ्यापर्यंत गेली. आपसूकच, गाय दावणीला जाते तशी. मग तिनं घड्याळाकडं बघितलं आणि परत फिरली.

"आज वेळ जातच नाही," ती म्हणाली.

मला तिच्याकडं बघवेना.

थोड्या वेळानं ती पुन्हा उठली. पुन्हा घड्याळ बघितलं, पुन्हा बसली. काडेपेटी या हातातून त्या हातात. "काहीतरी राहून जातंय असं वाटतंय हो."

"चल, तळ्यावर जाऊ. येऊन लाव."

"सात होतील ना तोवर?"

"होतील."

मी तिचा हात धरला. थंड होता. टेक्सासच्या उन्हाळ्यात, त्या उकाड्यात. मागचं दार लावून घेतलं, किल्ली खिशात टाकली, आणि आम्ही उतारावरून खाली गेलो.

८

नंतरचं आधी सांगतो. सांगणं त्या नंतरच्यावर येऊन संपावं, हे मला नको वाटतं.

शोभना बरी झाली. सोमवारी डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तिनं गोल काढला, आकडे जागच्या जागी घातले, काटे लावले. डॉक्टर खूष. दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. गिरीशनं येताना सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेतलं. मेमरी केअरचा विषय परत निघाला नाही. आता दुपारचे दिवे नाहीत, भिंतीला हात लावणं नाही. समईसुद्धा ती सूर्य बुडाल्यावरच लावते. घड्याळाकडं बघत नाही.

माझ्याशी फार चांगली वागते. पूर्वी मी चहात साखर जास्त घातली की माझ्यावर ओरडायची. आता ओरडत नाही. पूर्वी झोपताना माझ्या पांघरुणाचा अर्धा भाग ओढून घ्यायची, त्यावरून आम्ही आयुष्यभर भांडलो. आता ती रात्रभर सरळ झोपते, हालत नाही. कुशीवर वळतच नाही. मी तरीही जागाच असतो.

तळ्यावर ती येत नाही. मीही जात नाही. फोटो सुटले. गिरीश विचारतो, "बाबा, बोअर झालं का?" मी हो म्हणतो.

मी घड्याळ मागं केलं होतं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच रात्री, मुलं परत यायच्या आत, मी ते नीट लावलं होतं. पण दिवाळीच्या सुमारास एकदा आम्ही दोघंच घरात होतो. मी कोथिंबीर निवडत होतो, ती पोळ्या लाटत होती. लाटता लाटता, माझ्याकडं न बघता, ती म्हणाली, "घड्याळ मागं केलंत ते बरं केलंत हो."

आणि पोळी तव्यावर टाकली.

हे लिहितोय तेव्हा ती आत भाजी चिरतेय. विळीचा आवाज येतोय. तोच हात, तोच आवाज. मी कान देऊन ऐकतो, आणि चूक कुठं आहे ते मला सापडत नाही.

९

तर ती संध्याकाळ.

आभाळ फार सुंदर होतं. ढगांच्या कडा तांबड्या झाल्या होत्या, बगळे परत निघाले होते. मी तिपाई लावली. ती डाव्या हाताला बसली. सूर्य लव्हाळ्यांवर आला तेव्हा मी बटण दाबलं, आणि पडदा हातानं झाकून बघितला.

सावली नव्हती.

दुसरा काढला. नव्हती. मला फार आनंद झाला. "अगं, जमलं," मी म्हणालो.

काय जमलं ते तिनं विचारलं नाही. ती खुर्चीत मागं वळून घराकडं बघत होती.

मीही वळलो. काचेच्या दारावर मावळतीचं ऊन पडलं होतं. एरवी अशा वेळी काचेत फक्त तळं दिसतं. पण आतलं दिसत होतं. देव्हाऱ्यात ज्योत होती, सरळ, हलत नसलेली. तिच्यापुढं कुणीतरी वाकलं होतं, डोक्यावर पदर घेऊन. समईची वात सारताना डावा खांदा जरासा खाली उतरतो. तो खांदा मी पन्नास वर्षं रोज बघितलेला आहे.

मी खिशातली किल्ली चाचपली. होती.

आत जी होती ती वेळेवर आली होती. माझ्या डोक्यात तेवढंच आलं. जिला मी थांबवून धरलं होतं, ती माझ्याजवळ होती.

मी शोभनाकडं बघितलं. तिनंही माझ्याकडं बघितलं. आता तिच्या डोळ्यांत अंधार नव्हता. तिला सगळं दिसत होतं. ऊन, पाणी, मी. किती दिवसांनी ती माझ्याकडं अशी बघत होती. मी तिचा हात धरायला वाकलो.

तेवढ्यात घरातून हाक आली. दार बंद असूनही स्पष्ट.

"अहो, या आता. दिवा लागला."

तोच आवाज. दिवसभर राख ओढून घरी आलो की हाच आवाज मला आत बोलवायचा. चाळीत, नंतरच्या खोलीत, आणि राख सुटल्यावर गिरीशच्या या घरातही. मी विचार केला नाही. तोंडातून नेहमीचं गेलं.

"आलो."

म्हटलं आणि माझं मलाच कळलं. मी मान वळवली. शोभना माझ्याकडंच बघत होती. रागानं नाही. दुसऱ्याच्या दारात आपण उगाच थांबलो होतो हे कळल्यावर माणूस जसं बघतं, तसं.

ती उठली. खुर्चीचा हात चाचपला नाही. पदर नीट केला. घराची वाट डावीकडं वर जात होती, तळ्याभोवतीची पायवाट उजवीकडं. ती उजवीकडं वळली. सावकाश, पण पाय न अडखळता, ती पाण्याच्या कडेकडेनं पलीकडच्या लव्हाळ्यांकडं चालत गेली. माझा हात तसाच पुढं केलेला होता.